मुठीतला खळगा

काकूंनी मिटलेला चाकू हातात घेतला, मुठीवरून अंगठा फिरवला, आणि मग पुन्हा एकदा फिरवला.

"बघा, कसा नवा कोरा झालाय!" घासूमास्तर म्हणाले. दिवसभर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसणाऱ्या या चाकूवाल्याला अख्खी गल्ली घासूमास्तरच म्हणायची, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. "मी तर म्हणत होतो मूठच बदलू. पण छे! शिंगाची दिसते झकास, ऊन लागलं की तडकते. हाडाची पिवळी पडते. पितळेची घ्यावी तर खिशाला भोकच. तुम्ही म्हणालात, लाकूड तेच राहू दे. राहू दिलं! असलं जुनं शिसव आता शोधून सापडत नाही."

काकू सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी चाकू या हातातून त्या हातात घेतला, उलटा करून बघितला.

मास्तरांचा हात थांबला की तोंड सुरू व्हायचं. "आता जपायचं कसं ते ऐका. पाण्यात बुडवायचा नाही, उन्हात खिडकीत ठेवायचा नाही. अधूनमधून जवसाच्या तेलाचा एक थेंब. फडक्यानं नाही हं, अंगठ्यानं चोळायचा. अंगठ्याच्या उबेनं तेल लाकडात मुरतं." त्यांनी फळीवरची बोटाएवढी बाटली काढून पुढे ठेवली. "ही माझ्याकडून. थेंब थेंब वापरलीत तर जन्मभर पुरेल."

"मास्तर," काकू म्हणाल्या, "इथं एक खळगा होता."

"होता ना! चांगला खोल होता." मास्तर खूश झाले. मेहनत ओळखणारं गिऱ्हाईक रोज कुठं भेटतं? "दोन दिवस त्यातच गेले. एक बाजू खाली गेलेली, म्हणून दुसरीही तेवढीच उतरवली. आता फिरवा हात. कुठं अडकतो का सांगा."

"नाही अडकत. तेच तर."

त्या स्टुलावर बसल्या. चाकू मांडीवर ठेवला.

"ह्यांचा अंगठा होता तो. चाळीस वर्षं ह्याच चाकूनं कलमं बांधली ह्यांनी. रोपवाटिकेतून घरी आले की आधी चाकू पुसायचे, मग तोंड धुवायचे." त्या किंचित हसल्या. "हे गेल्यावर दुपारचा चहा झाला की मी हा घेऊन बसायची. त्या खळग्यात अंगठा ठेवून. फोटो आहे हो घरात, पण फोटोला हात लावला की काच लागते."



"पण काकू, तुम्हीच म्हणालात, साफ करून द्या."

"म्हणाले ना. पातं गंजायला लागलं होतं, मूठ चिकट झाली होती. म्हटलं, माझ्या हातून खराब व्हायला नको." त्यांनी मांडीवरचा चाकू सरळ केला. "साफ करून द्या, मीच म्हणाले. तुम्ही दिलात साफ करून."

त्या चिडल्या असत्या, दोन शब्द सुनावले असते, तर मास्तरांना बरं वाटलं असतं. करायला गेलो काय आणि झालं काय! त्यांनी उगाचच खाली बघितलं. फरशी सकाळीच झाडून काढली होती, मुठीचा भुसाही त्यात गेला होता.

"मी कोरून देतो," ते घाईनं म्हणाले. "हुबेहूब तसाच. किती खोल होता, कुठं होता, सगळं लक्षात आहे माझ्या."

"तो तुम्ही केलेला होईल, मास्तर."

मास्तरांनी पॉलिश पेपरचा तुकडा उचलला आणि परत खाली ठेवला. आपल्याला लोक घासूमास्तर म्हणतात, याची आज पहिल्यांदाच त्यांना लाज वाटली.

काकूंनी डोळे पुसले, चाकू पुन्हा हातात घेतला. अंगठा बरोबर त्या जागेवर ठेवला.

"अंगठ्यानं रोज चोळलं, तर पडतो का हो पुन्हा तसा?"

"पडतो."

"किती वर्षांत?"

खोटं बोलता आलं असतं. पण लाकडाच्या बाबतीत मास्तर कुणाशी कधी खोटं बोलले नव्हते.

"शिसव फार कठीण असतं, काकू," ते खालमानेनं म्हणाले. "तीस वर्षं तरी लागतील."

काकूंनी मान हलवली. बोटाएवढी बाटली उचलून उजेडात धरली, आतलं तेल बघितलं, आणि ती मास्तरांच्या पुढ्यात परत ठेवली.

"मग ही नाही पुरायची," त्या म्हणाल्या. "मोठी द्या."