टाकीवरची साय

पाचव्या वर्षी, त्याच महिन्यात, पुन्हा तेच निनावी पत्र. ‘धायरीच्या रंगकारखान्यात टाकीवरची साय सरळ ओढ्यात सोडतात. झोपा काढता काय?’

साय! प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात सगळे पोट धरून हसले. कपडे रंगवायचा कारखाना की दुधाची डेअरी? पुण्यात तक्रार करायला कारण लागत नाही, नुसती सवड लागते. तरी नियम तो नियम. साहेबांनी तपासणीला उत्कर्षाला पाठवलं आणि बजावलं, या खेपेलाही पाणी चांगलं निघालं तर पुढची पत्रं केराच्या टोपलीत.

दादामियाँ दारातच उभे होते. कारखान्याचं सांडपाणी साफ करणारा प्लांट हा माणूस तेवीस वर्षं एकहाती सांभाळत होता, आणि महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. उत्कर्षाने एक बाटली आत येणाऱ्या पाण्याची भरली. ते पाणी थेट वांग्याच्या रंगाचं. दुसरी भरली बाहेर जाणाऱ्या पाण्याची. चार टाक्या ओलांडून तेच पाणी इतकं नितळ झालं होतं की बाटलीआडून तिला स्वतःची बोटं दिसली.

मधल्या टाकीत पंपाच्या हवेचे बुडबुडे अखंड उठत होते. घाण खाऊन टाकणारे जिवाणू तिथे राहतात. दोन दिवस हवा बंद पडली की ते मेलेच म्हणायचे. रविवारी कारखान्याला सुट्टी, म्हणजे त्यांना उपास. म्हणून दादामियाँ दर रविवारी कोंढव्याहून स्कूटरवर येऊन टाकीत गूळ घालायचे. ईदच्या दिवशीसुद्धा, नमाज आटोपून. उत्कर्षाला ऐकून भरून आलं. असा एक जरी माणूस आपल्या ऑफिसात असता!

प्रयोगशाळेत तिने दोन्ही पाण्यांत दहा-दहा मासे सोडले. वांगी रंगाच्या पाण्यातले तासाभरात उलटे झाले. नितळ पाण्यातले चौथ्या दिवशीही शेपट्या हलवत फिरत होते, दहाच्या दहा. असा निकाल तिने नोकरीत क्वचितच पाहिला होता.

अहवालाचा मसुदा घेऊन ती मुद्दाम स्वतः धायरीला गेली. तरुण मालक समर्थ ऐकून खूश झाला.

“म्हणजे आता तपासणीला कुणी येणार नाही?”

“कशाला येतील? खोट्या पत्रांमागे किती धावायचं?”

समर्थने तिथेच टाकीपाशी चहा सांगितला. जाता जाता तो दादामियाँच्या कानाशी लागला, पण त्याचं कुजबुजणं काही फार हळू नव्हतं. मग आता हे पंप कशाला घरघरत ठेवायचे, आणि तुमच्यामागे इथे दुसरा माणूस तरी कशाला नेमायचा, असं म्हणून तो निघून गेला.

पाच वर्षांचा डाग धुतला गेला होता. दादामियाँनी खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी लांब दांड्याचा झारा उचलला आणि ते टाकीवर वाकले. उत्कर्षाला त्यांचं हे वागणं काही कळेना. चाचा, आता कोण तुमच्या पाण्याला नावं ठेवतंय, असं तिने समजावून पाहिलं.

“पाणी आपसूक साफ राहत नाही, मॅडम,” ते मान वर न करता म्हणाले. “रोज उठून ही साय काढावी लागते.”

उत्कर्षाचा कप ओठांपाशीच थांबला. टाकीवरच्या त्या तपकिरी फेसाला सगळे जण फेसच म्हणत.

तिने कप खाली ठेवला. पर्समधून पेन काढलं आणि मसुद्यातलं शेवटचं वाक्य, ‘यापुढील तक्रारींची दखल घेऊ नये’, नीट दोनदा खोडलं.

“चाचा,” ती म्हणाली, “पुढच्या वर्षी तुम्ही इथे नसणार. मग पत्र कोण लिहिणार?”

दादामियाँनी टाकीच्या काठावर झारा झटकला.

“मॅडम, तुमचं अक्षर कसं आहे?”