साठ शॉवर

नाझींच्या त्या छावणीत ज्यू प्रवाशांच्या स्नानाची सोय होती, असे आरोपी अभियंता क्रूगर यांनी न्यायालयात नम्रपणे सांगितले. उलट सांगायला तिथून कोणी जिवंत परतले नसल्याने त्यांची सुटका जवळपास ठरलेली होती.

फिर्यादींच्या वकील एडिथ काल्मार यांनी स्नानगृहाचा नकाशा उलगडला. त्यांची आई त्याच स्नानाला गेली होती.

“शॉवर साठ, पाण्याची नळी एकालाही नाही?”

क्रूगर यांनी खांदे उडवले.

“बिचारे!” एडिथ न्यायाधीशांकडे वळल्या. “जोडायलाच विसरले. शिकाऊ प्लंबरही असली चूक करत नाही.”

प्रेक्षक हसले. हत्येचे आरोप आठवडाभर शांतपणे ऐकणाऱ्या क्रूगरना हा ठपका सोसवला नाही. स्वतःच्या वकिलाचा हात झिडकारून ते उठले.

“माझ्या कामात चूक? पाणी मागितलं असतं तर पाणी दिलं असतं! मागणी विषारी वायूची होती, आणि तो शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत होता.”