एक शब्द वगळण्याचा ठराव

ऑक्टोबरातील दुसरा शनिवार, एक्समूरच्या माळावरील विन्सकोम गावचे सभागृह. तट्टू नोंदणी मंडळाची वार्षिक सभा.

जन्मजात पांढरे केस असलेले तट्टू नोंदवहीतून बाद, असा मूळ नियम होता. हेस्टर वेस्टकॉटबाईंच्या घोडीच्या मानेवर पांढरे केस होते, पण ते तारेच्या जखमेवर उगवलेले; म्हणून केवळ तिला बाद करता यावे यासाठी अध्यक्ष गिल्बर्ट टार यांनी ‘जन्मजात’ हा शब्द वगळण्याचा ठराव मांडला.

“पांढरा तो पांढरा! जखमेच्या कहाण्या घरी सांगा, बाई,” टार म्हणाले.

सहा विरुद्ध सहा मते पडली. उरल्या एकट्या वेस्टकॉटबाई. त्यांनी शांतपणे ठरावाच्या बाजूने हात वर केला.

“आली म्हणायची अक्कल!” टार हसले.

“आली खरी,” असे म्हणून बाई तपासनिसांकडे वळल्या. “पग्सलीसाहेब, टारसाहेब आपल्या प्रत्येक तट्टाच्या पाठीवर बर्फाहून थंड केलेल्या लोखंडी ठशाने स्वतःच्या नावाचं अक्षर उमटवतात. त्या डागावर केस कुठल्या रंगाचे उगवतात हो?”



पग्सलींनी नवा नियम पुन्हा एकदा वाचला आणि चष्मा काढला. “पांढरे. अध्यक्षमहाराज, तुमची चाळीसच्या चाळीस तट्टं बाद.”