नेट नेमकं तिथंच जातं

"जुनं कार्ड इथं टेबलावर ठेव. खिशात घालू नकोस," गुणाजी म्हणाले.

सुयोगने हसून ते जुनं वायफाय कार्ड थेट त्यांच्या हातातच दिलं. सुयोग वरच्या मजल्यावर राहायचा, कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचा आणि आज शेजारधर्म म्हणून सुट्टीचा रविवार मोडून आला होता. पण लॅपटॉपचं मागचं झाकण उघडल्यापासून गुणाजी त्याच्या बोटांवर पहारा देत होते. चांगला पार्ट काढून भंगार बसवणारे महाभाग त्यांनी विक्रोळीच्या कारखान्यात उभ्या नोकरीत पुष्कळ पाहिले होते. सुयोगने पोस्टाच्या तिकिटाएवढं नवं कार्ड खाचेत सरकवलं, स्क्रू पिळला, अँटेनाच्या दोन बारीक वायरी वरून दाबून बसवल्या. झाकण लावून त्याने यूट्यूबवर भजन सुरू केलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठंही न अडकता ते वाजलं.

"झकास! आता अडकलं तर माझं नाव बदला, काका," असं म्हणून तो गेला.

गुणाजींचा संशय काही आजचा नव्हता. त्यांची एकुलती एक लेक श्रुतिका दर रविवारी कांदिवलीहून व्हिडिओ कॉल करायची. आईच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची, भाजी काय केली ते व्हायचं, हसणं-खिदळणं व्हायचं. मग गुणाजी विचारायचे, "गणपतीला गावी येतेस ना? एकटीच ये हां." आणि नेमकं तिथंच चित्र अडकायचं. तोंड अर्धं उघडं, डोळे एका जागी. मग कॉल कट. थोड्या वेळाने मेसेज यायचा, नेट गेलं, बाबा.

आधी त्यांनी समोरच्या चंद्रप्रकाशला धरलं. तो फुकटात आपलं वायफाय वापरतो, असं ठरवून पासवर्ड बदलला आणि त्याच्याशी बोलणंही टाकलं. मग केबलवाल्याला झाडलं. शेवटी सुयोगने कार्ड खराब असल्याचं सांगितलं. ते खरंही होतं, कारण भजनंसुद्धा मध्येच तोंड मिटत होती. तरी गुणाजींचं मन काही भरलं नाही. त्यांचा खरा संशय सम्यकवर होता.

सम्यक म्हणजे श्रुतिकाचा नवरा. बौद्ध घरातला मुलगा, बँकेत नोकरीला. दोघांनी रजिस्टर लग्न केलं, त्याला गुणाजी गेले नाहीत. गणपतीत गावच्या घरी सगळी भावकी जमायची, एका पंगतीला जेवायची. त्या पंगतीत ह्याला बसवलं तर भावकीला तोंड कसं दाखवायचं, एवढाच त्यांचा प्रश्न. म्हणून अट अशी की पोरीनं यावं, त्यानं नाही. लग्नापासून श्रुतिका एकाही गणपतीला आली नव्हती आणि तिची आई जानकीबाई त्या दुःखाने निम्म्या झाल्या होत्या. अट कानावर पडली की तोच आतून नेट बंद करत असणार, अशी गुणाजींची खात्री होती. नाहीतर हा माणूस कधी कॅमेऱ्यासमोर का येत नाही? 'मी दिसलो की सासरे कॉल बंद करतील' असं तो म्हणतो, हे श्रुतिकाने एकदा सांगितलं होतं. गुणाजींना तीही त्याचीच चाल वाटली.

आता आपल्याकडचं कार्ड नवं कोरं. आज चोर सापडणार होता. सुयोगची पाठ वळताच गुणाजींनी कॉल लावला. श्रुतिका इतकी स्वच्छ दिसली, जणू पुढ्यातच बसली आहे. कार्ड बदलल्याचं त्यांनी मुद्दामच सांगितलं नाही. गुडघे झाले, भाजी झाली.

"तिका विचारा ना, गणपतीक येतली काय?" जानकीबाईंनी कोपर मारलं.

"गणपतीला येतेस ना?" गुणाजी म्हणाले. "एकटीच ये हां."

चित्र अडकलं.

"गेला काय परत?" जानकीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

गुणाजी स्क्रीनवर वाकले. अडकलेल्या चित्रात मागच्या दारातून एक माणूस शिरला. अंगात बनियन, हातात चहाचा कप. आवाज नाही म्हणजे कॉल संपला, असं त्याला वाटलं असावं. त्याने कप श्रुतिकाच्या हाताशी ठेवला. कपातून वाफ वर जात होती. मग त्याची नजर स्क्रीनवर गेली. तो दचकला, चटकन खाली वाकला आणि तसाच वाकून, भिंतीला धरून बाहेर निघून गेला. आपल्याच घरात.

श्रुतिका मात्र तशीच होती, तोंड अर्धं उघडं ठेवून. फक्त गळ्याशी एक आवंढा हलला.

गुणाजींना पहिल्यांदा लाज वाटली. नाही म्हणावं तर आई रडणार. हो म्हणावं तर ह्या माणसाला मागे ठेवून जायचं. म्हणून पोर दर रविवारी दगड होऊन बसत होती.

त्यांनी घसा खाकरला. "श्रुतिका, भावकीचं मी बघतो. त्याला मूर्तीपुढे हात जोडायचे नसतील तर राहू दे. पण पंगतीला तो माझ्या शेजारी बसेल."

जानकीबाईंचा पदर डोळ्यांवरून खाली आला.

चित्र हललं. श्रुतिका खुर्चीतच गर्रकन वळली आणि दाराकडे बघून ओरडली, "सम्यक, गणपतीची रजा टाक रे!"