पडद्यावरच्या मुंग्या

"दिसनं का?" रुपचंद गच्चीवरून ओरडला.

"दिसनं, दिसनं! आता हालवू नको," खालून धनसिंगचा आवाज आला.

रुपचंदनं हुश्श केलं. कालच्या वावटळीनं अँटेना पार भुसावळकडे तोंड करून बसली होती. तिला वळवता वळवता त्याचे दंड भरून आले होते. पाइप पुन्हा फिरायला नको म्हणून तो तारेनं कठड्याला आवळायला बसला. पिंप्राळ्यातल्या घरांच्या त्या ओळीत टीव्ही त्याच्याकडेच, तेव्हा रविवारी शेजारचा धनसिंग हक्कानं येऊन बसायचा. आज घरात दोघंच होते. रुपचंदची बायको मंदाबाई पोरीला घेऊन बाजारात गेली होती आणि धनसिंगची कुंदाबाई भाचीच्या लग्नाला भुसावळला.

खालची खिडकी उघडी होती. पक्ष्यांवरचा कसलासा माहितीपट लागला होता. निवेदकाचा भारदस्त आवाज गच्चीपर्यंत येत होता आणि त्याच्या मागोमाग धनसिंगचा शेरा.

"सारसांची जोडी आता पाण्यात उतरते आहे," निवेदक म्हणाला.

"वा! काय झोकमा उतरनी भाऊ! पिक्चरपेक्षा हे बरं शे. खोटं रडनं नही, काही नही."

रुपचंद गालातल्या गालात हसला. कोणता पिक्चर बघायचा आणि कोणता सोडायचा, हे ओळीत धनसिंगच ठरवायचा. माणूस शाळेची मॅटाडोर चालवणारा, पण पिक्चरवर बोलायला लागला की टपरीवरचा पानवाला कात लावायचं विसरायचा. दिवाळीपासून तर त्याची नजर फारच बारीक झाली होती. पूर्वी मारामारी कशी झाली, गाणी कशी होती, एवढ्यावर त्याचं भागायचं. आता नायिकेच्या साडीचे काठ, सासूच्या हातातल्या पाटल्या, चुलीजवळची भांडीसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नव्हती. "गरिबनं घर दाखाडं अन् फळीवर बठ्ठी नवीकोरी पितळी भांडी!" असं तो परवा म्हणाला, तेव्हा ओळीतल्या बायकांनीही माना डोलावल्या होत्या.

टॉकीजमध्ये मात्र या नवराबायकोच्या जवळपास बसायची सोय नव्हती. कुंदाबाई सगळा पिक्चरभर त्याच्या कानाशी लागलेली असायची. टॉकीजचं एक सोडा, हल्ली ती रोज मॅटाडोरमध्येही पुढे नवऱ्याशेजारी बसून शाळेपर्यंत जायची आणि यायची. पोरं दंगा करतात म्हणे. रुपचंदची रत्ना त्याच गाडीनं जायची.

"वहिनी, या वयमा नवरावर पहारा? कोन लई जाई याले?" रुपचंदनं एकदा भर ओळीत विचारलं होतं. सगळे खो खो हसले होते. कुंदाबाईही तोंडाला पदर लावून हसली होती.

तार आवळून झाली. रुपचंद हात झटकत खाली आला आणि दारातच थबकला.

टीव्हीवर नुसत्या मुंग्या होत्या. चित्राचा मागमूस नव्हता, फक्त आवाज येत होता. आणि धनसिंग गुडघ्यांवर हात ठेवून, पुढे वाकून, हसऱ्या तोंडानं त्या मुंग्यांकडे बघत होता.

"रुपचंद ना? ये, बस. चांगला भाग चालू शे."

चित्र आत्ताच गेलं असेल, असं रुपचंदला वाटलं. तेवढ्यात निवेदक पिल्लाबद्दल काहीतरी बोलला आणि धनसिंगनं मांडीवर थाप मारली.

"देख, देख! मायना मांगे मांगे कसं चालस!"

रुपचंदला शंका आली. मनात आलं ते त्याला स्वतःलाच बरं वाटलं नाही, तरी हात पुढे गेलाच. त्यानं आवाजाचं बटण हळूच फिरवलं. खोली गप्प झाली.

"लाईट गयी वाटतं," धनसिंग म्हणाला.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. पडद्यावर मुंग्या वळवळत होत्या. पंख्याच्या वाऱ्यानं धनसिंगचे कपाळावरचे केस उडाले. ते सावरायला त्याचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

रुपचंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भल्या शेजाऱ्याला असं पकडायला नको होतं. चोर पकडावा तसं.

"मोतीबिंदू?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"दोन्ही डोयास्मा. दिवाळीपासून बठ्ठं धुकं शे. आपरेशननं भ्याव लागस. अन् शाळाले समजनं तं गाडी हातमधून जाई."

"मग पिक्चरचं एवढं बारीकसारीक…?"

"ते कुंदा सांगस. साड्या, पाटल्या, भांडी, बठ्ठं. मी तेच तुमले सांगस." धनसिंगनं मान खाली घातली. "पिक्चरवर बोलनं बंद करं, तं लोक म्हनतीन, याले दिसत नही."

रुपचंदला हसू येणार होतं. बायकोच्या डोळ्यांनी पिक्चर बघून साऱ्या ओळीला अक्कल शिकवणारा हा पंडित! पण हसू ओठापर्यंत आलंच नाही. उद्या सोमवार होता. सकाळी दप्तर पाठीला लावून रत्ना दारात उभी राहणार होती, आणि कुंदाबाई मंगळवारशिवाय परतणार नव्हती.

"धनसिंग," त्यानं विचारलं, "अन् रस्ता?"

धनसिंगनं खिशातून मॅटाडोरची किल्ली काढली, दुसऱ्या हातानं चाचपून टेबलाची कड शोधली आणि किल्ली तिथे ठेवली.

"रस्ताबी तीच सांगस."