हातभर जागा

"काका, छत्री मिटा," मोजणीवाल्या बाई म्हणाल्या. "उपग्रहांना यंत्र दिसायला हवं. वर आकाश मोकळं पाहिजे."

थोरल्याने छत्री मिटली. ती त्याने बाईंना ऊन लागू नये म्हणून धरली होती, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. उपग्रहांना काही दिसू नये ही खरी इच्छा चारचौघांत बोलण्यासारखी नव्हती.

मोजायचा होता तो दगड दोन भावांच्या घरांमधला. बारा वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हा बाईंच्याच मोजणी कचेरीने मोजून पुरलेला, डोक्यावर फुली कोरलेला. तिथून भिंत घालायची होती. ती फुलीच्या अलीकडून घालायची की पलीकडून, यावरून दोघांचं वाजलं आणि गेली नऊ वर्षं भावाभावांत शब्द नव्हता. भिंतही नव्हती. तिचं काम तिच्यावाचून चाललं होतं.

आठ वर्षांपूर्वी धाकटा सहकुटुंब सासुरवाडीला गेला असताना थोरल्याने एका दुपारी पहार घेतली, दगड उपटला आणि धाकट्याच्या बाजूला हातभर सरकवून पुन्हा पुरला. हातभर म्हणजे अक्षरशः हातभर. जुन्या जागेला कोपर टेकवलं आणि मधलं बोट पोचलं तिथे नवा खड्डा घेतला. गाडी फाटकातून आत वळायला तेवढीच जागा कमी पडत होती. पुढे फाटक हलवायची काही त्याची छाती झाली नाही. गाडी अजून रस्त्यावरच उभी होती आणि त्या दगडाकडे तो पुन्हा फिरकला नव्हता. मेंदीच्या कुंपणाने दगड झाकला, तेव्हा त्याने पहिल्यांदा मेंदीला पाणी घातलं.

मोजणी मागवली होती दोघी जावांनी. त्यांचं आपसांत उत्तम होतं. "एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे," असं म्हणून दोघींनी अर्जावर सह्या केल्या. पहिल्या तारखेला थोरल्याची कंबर धरली. दुसऱ्या तारखेला धाकट्याला ताप भरला. भावाच्या दुखण्याचा इतका आनंद थोरल्याला कधी झाला नव्हता. तिसरी तारीख ठरवताना जावांनी नवऱ्यांना विचारलंच नाही.

बाईंना कसली घाई नव्हती. कोपऱ्यावरच्या शाळेच्या पायरीत कचेरीची पितळी खूण होती. त्या खुणेवर त्यांनी तिपाई मांडली, तिच्यावर एक यंत्र बसवलं आणि त्याची उंची टेपने दोनदा मोजली. दुसरं यंत्र काठीच्या डोक्यावर.

"तिथल्या यंत्राला आपली जागा पक्की ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "ते एका जागी बसून या काठीवरच्याला सांगत राहतं, की तू किती चुकतोयस."

"यात विशेष काय?" थोरली म्हणाली. "ते काम मी तीस वर्षं करतेय."

मेंदी छाटली गेली. काठीचं टोक फुलीत बसलं, बुडबुडा मधोमध आला. हातातल्या पडद्यावर 'फ्लोट' अशी अक्षरं उमटली.

"म्हणजे काय?" थोरल्याने विचारलं.

"अजून डोलतंय. नक्की नाही."

डोलू दे, थोरला मनात म्हणाला. तेवढ्यात 'फिक्स' आलं. बाईंनी आकडे टिपले आणि काठी बाजूला ठेवली. "आता तासाभराने परत."

"का? झालं की!"

"तासाभरात उपग्रह जागा बदलतात, काका. एका साक्षीवर मी निकाल देत नाही."

तो तास थोरल्याने आपल्या घराच्या पायरीवर बसून काढला. भाऊ अधाशी आहे, असं त्याने बायकोला नऊ वर्षं ऐकवलं होतं. आता ती या पायरीवरून, जावेच्या देखत, अधाशी कोण ते ऐकणार होती. समोरच्या पायरीवर धाकटा बसला होता. त्याच्या चहावर साय धरली होती. ताप उलटला असावा, थोरल्याला वाटलं.

बाईंनी पुन्हा मोजलं. जुन्या नोंदीतले आकडे काढून शेजारी धरले. पडद्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं.

"दगड जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "दीड सेंटीमीटर या धाकट्या काकांच्या बाजूला दिसतोय, पण एवढं चालतं. दगडाला कुणी हात लावलेला नाही."

"शक्य नाही!" दोघे भाऊ एकदमच म्हणाले.

जावांनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी पेन खाली केलं. "म्हणजे? मी चुकले म्हणता?"

धाकट्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. मग थोरल्याच्या हाताकडे पाहिलं, तसंच, सावकाश. आणि नऊ वर्षांनी पहिल्यांदा तो भावाशी बोलला.

"दादा, तुझा हात लहानपणापासूनच जरा लांब."