निमुळतं तोंड

चेकर अंगदने सिंधुबाईचं पहिलं बंडल सोडलं, त्यातली एक बिडी पत्र्याच्या पट्टीत घालून पाहिली आणि मान हलवली. पट्टीला दोन खाचा होत्या, एक बिडीच्या तोंडाची आणि एक पेटवायच्या टोकाची. सिंधुबाईची बिडी तोंडाच्या खाचेत सैल नाचत होती.

"मावशी, किती येळा सांगायचं? तोंड लई निमुळतं हाय. पट्टीत बसत न्हाई ते मोडायचं, असा रूल हाय." त्याने बिडी मोडून छाटाच्या, म्हणजे नापास मालाच्या टोपलीत टाकली. "आज सगळा माल छाट निघाला तर कार्ड बंद. मग मला बोल लावू नका."

बिडी कंपनीच्या कडा गावातल्या या शाखेत सिंधुबाई एकतीस वर्षं घरी वळलेला माल आणत होती. कार्ड गेलं की काम गेलं, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती.

"निमुळती हाय म्हनून तर वढाया बरी," ती म्हणाली. "माज्या आईचं वळन हाय ते."

"तुमी कधी वढलीय का?"

रांगेतल्या बाया हसल्या. सिंधुबाईने उभ्या जन्मात बिडी ओठाला लावली नव्हती.

अंगद आज भलताच खुशीत होता. त्याचा मेहुणा प्रवीण जहाजावर नोकरीला. त्याने येताना एक सिगार आणली होती. बाकीची बंडलं सोडण्याआधी ती बायांना दाखवल्याशिवाय अंगदला राहवेना. सिगार वीतभर लांब, अंगाने जाड आणि एका टोकाला गाजरासारखी निमुळती होत गेलेली होती. ते बारीक टोक पूर्ण मिटलेलं होतं.

आता बिडीच्या धंद्यातल्या माणसाला मिटलेलं टोक दिसलं की काडी तिकडेच जाते. बिडीचं जाड टोक दुमडून मिटवतात आणि तेच पेटवतात. अंगदनेही सिगारचं मिटलेलं टोक पेटवलं आणि जाड टोक तोंडात धरून जोर लावला. गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं, धूर काही येईना. तिसऱ्या काडीला टोक नुसतंच काळं पडलं.

"नासली वाटतं," तो रडवेला होऊन म्हणाला.

"आना इकडं," सिंधुबाई म्हणाली.

तिने सिगार उजेडात धरून हळूहळू फिरवली. पानाचा जोड बोटाच्या पेराने चाचपत ती जाड टोकाकडून बारीक टोकापर्यंत गेली. जोड कुठेच उचललेला नव्हता. उताराला एकही सुरकुती नव्हती. कोण कुठला कारागीर, पण त्या हातावरून तिला जीव ओवाळून टाकावासा वाटला.

"बघा, गुंडाळायला हितून जाड टोकापासनं घेतलंय आन् बारीक टोकाला संपवलंय. आपन दोरा शेवटी कुठं बांधतो? तोंडाकडंच न्हवं? ह्ये तोंड हाय. वरनं नुसती टोपी चिकटवलीय."

तिने कमरेची कात्री काढली आणि काळं पडलेलं टोक हरभऱ्याच्या दाण्याएवढं कापलं. अंगदने निमुळता भाग ओठांत धरला. जाड टोकाखाली तिने काडी जरा लांबच धरली आणि त्याला सिगार फिरवायला लावली.

दाट, निळसर धूर आला. अंगदने डोळे मिटले.

"आयला, लई भारी! जिभेला चटका न्हाई. सगळी चव एका जाग्यावर येती बघा."

"कावून?" सिंधुबाईने विचारलं.

"पोट रुंद हाय, मग धूर निवांत येतो. आन् तोंड निमुळतं, म्हनून तो इकडं तिकडं..." अंगद मध्येच थांबला.

सिंधुबाईने मेजावरची पट्टी उचलली आणि त्याच्या हातातल्या सिगारला लावून पाहिली. आधी एक खाच, मग दुसरी.

"कशातच बसंना की," ती म्हणाली. "मोडा, चेकरसाहेब."

अंगदने सिगार छातीशी धरली. मग त्याने पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली आणि सोडलेलं बंडल स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधायला घेतलं.